एका बोटाचा टाय

टायचं बारीक टोक ह्यांनी दातांत धरलं होतं. रुंद टोक उजव्या हाताच्या बोटांत होतं आणि डावा हात नुसता बाजूला लोंबत होता. चहा घेऊन मी आत आले आणि आरशात ते तसे दिसल्यावर दारातच थबकले.

“द्या इकडं, मी बांधते,” मी म्हणाले.

दातांत टोक असल्यामुळे बोलता येईना. त्यांनी नाही म्हणून खुणावलं.

“अहो, उशीर व्हायलाय. कुठून कुठं घालायचं तेवढं सांगा, मी करते.”

त्यांनी तोंड उघडलं. टाय घसरून फरशीवर पडला.

“कस्तुरी, बाहेर जा.”

“अहो पण...”

“बाहेर जा म्हणलो की.”

चहा तसाच ठेवून मी बाहेर आले. आतून कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ते निघाले तेव्हा गळा उघडाच होता आणि टाय पँटच्या खिशात कोंबलेला होता.

माझे मिस्टर रेवणसिद्ध हत्तुरे सोलापूरच्या स्टेशनजवळ एका हॉटेलात रिसेप्शनवर होते. आमच्या गल्लीत टाय घालून कामाला जाणारा माणूस हा एकच. पोरं त्यांना पायलट म्हणायची. “पायलट निघाले बे, रस्ता सोडा,” असं ओरडायची आणि हे रागवायच्या ऐवजी खुशीत हसायचे. लग्नसराईत गल्लीतले नवरदेव टाय हातात घेऊन आमच्या दारात उभे असायचे. दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला ह्यांना जमायचं नाही. आधी स्वतःच्या गळ्यात बांधायचे, मग सैल करून डोक्यावरून काढायचे आणि नवरदेवाच्या गळ्यात घालायचे. “हा सोडू नको आता, पोराच्या बारशापर्यंत चालव,” असं वर बजावायचे. गल्लीतले निम्मे संसार तुमच्या गळ्यातून सुरू झालेत, असं मी चिडवायचे.

त्या वर्षी संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत त्यांच्या हातातून चिरमुऱ्यांचा पुडा सुटला. मग हॉटेलातल्या किल्ल्या सुटायला लागल्या. कुणी थकवा म्हणालं, कुणी वात म्हणालं, शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. नसा वाळत जातात. औषध नाही. ह्यांचं हातापासून सुरू झालंय, आता हळूहळू पुढं जाईल. “डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील,” डॉक्टर म्हणाले, आणि अशा सुरात म्हणाले की जणू आमच्या पदरात काहीतरी चांगलं टाकतायत. पुढं जाईल म्हणजे कुठं, हे मी विचारलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही. परत येताना एसटीत आम्ही शेंगाचटणी-भाकरी खाल्ली आणि घरातला नळ चालू राहिला असेल की बंद केला होता, ह्यावरून भांडलो.

त्या संध्याकाळी, गळा उघडा टाकून गेले होते त्या संध्याकाळी, ते लवकर घरी आले.

“मालक काय म्हणले?”

“काय म्हणायचंय? गिऱ्हाइकापुढं असं उभं राहू नका म्हणले. मागं स्टोअरला बसा म्हणले. चादरी आल्या गेल्या बघायच्या.”

मालक माणूस वाईट नव्हता. पगार तोच देणार होता, उलट खुर्ची देतो म्हणाला होता.

“मग बसा की. तेवढाच आराम.”

ते माझ्याकडं बघत राहिले. मी काहीतरी फार घाण बोलले असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“मागं बसायचं नाही मला. माणूस एकदा मागं गेला की त्याला परत पुढं कोण आणत नसतंय. मी कुठं चाललोय ते मला कळतंय, कस्तुरी. पण जोवर जमतंय तोवर पुढं उभा राहतो.”

“मग मला बांधू द्या. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय की. आज तू टाय बांधशील, उद्या बटणं लावशील, परवा घास भरवशील. एकदा चालू झालं की थांबत नाही ते. टाय माझा मी घालणार. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवसापासून घरी.”

हे बोलताना आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. रडू आलं ते स्वयंपाकघरात जाऊन गिळलं. हा माणूस घरी बसला की खाटेवर बसेल, खाटेवर बसला की आडवा होईल, हे मला समोर दिसत होतं. टाय एवढाच काय तो मध्ये आडवा आलेला होता. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर गेले नाहीत.

आता गंमत बघा. मी स्वतः टायच्या कारखान्यात होते. सोलापुरात शाळेच्या गणवेशाचे कारखाने गल्लोगल्ली, त्यातलाच आमचा एक. मी गाठीच्या कामावर बसायचे. प्लॅस्टिकच्या साच्यावर कापड गुंडाळायचं, मागून टाके घालायचे, इलॅस्टिक आणि हूक लावायचा, की झाला आयता टाय. तयार माल टेबलावरच्या लाकडी मानेला चढवून बघायचा. गाठ सरळ बसली पाहिजे, पट्टी छातीच्या मध्यावर आली पाहिजे. मालकिणीनं ती मान सुताराकडून मुद्दाम करून घेतली होती. नुसती मान आणि थोडे खांदे, वर डोकं नाही. खंडेनवमीला आम्ही बायका मशिनींबरोबर तिलाही हळदकुंकू वाहायचो.

आख्ख्या जिल्ह्यातल्या पोरांचे गळे सजवत होते आणि घरच्या एका गळ्याशी माझी अक्कल चालेना.

पहिल्यांदा मी सरळ शाळेचाच टाय मोठ्या मापात करून नेला. त्यांनी मागचं इलॅस्टिक ओढून बघितलं.

“शाळेत घालतीस का मला? डबा-वॉटरबॅग पण दे मग.”

“कॉलरच्या खाली जातंय ते. दिसत नाही.”

“आणि हूक कोण लावणार? मानेच्या मागं दोन्ही हात नेऊन?”

ते खरंच होतं. हूक लावायला चांगल्या माणसाचीही धांदल उडते. मी तो टाय परत पिशवीत टाकला.

दुसऱ्यांदा चेनचा केला. आता असले टाय बाजारात कुठंही मिळतात, पण ही बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा मी तो दुसऱ्या कुणाचा बघून नव्हता केला. पँटची चेन टायच्या गळ्यातून फिरवायची. गाठ शिवून पक्की. सैल करून डोक्यावरून घालायचा आणि मागची बारीक पट्टी खाली ओढली की गळा आवळत येतो. लाकडी मानेवर फार छान चालला. माझ्या शेजारी बसणारी नागमणी जेवणाच्या सुट्टीत माझं हे चाललेलं बघत होती.

“अक्का, भाकरी सोडून काय करूलालीस गं?”

“ह्यांना टाय.”

“बांधून दे की सरळ. माझ्या नवऱ्याची लुंगीसुद्धा मी शोधून देते.”

“ते घेत नाहीत बांधून.”

“मग बस म्हणावं तसंच.” थोडं थांबून तिनं माझ्या डब्यातली भाकरी मोडून माझ्या हातात दिली. “खा आधी. कापड कुठं पळूलालं नाही.”

घरी त्यांनी तो घालून बघितला. उजव्या हातानं पट्टी ओढली तर पट्टीबरोबर गाठही खाली आली. गाठ वर ढकलली तर पट्टी सैल. एका हातानं गाठ धरायची आणि दुसऱ्यानं ओढायचं, तरच चेन चालायची. दुसरा हात कुठून आणायचा? मला वाटलं आता हे टाय फेकून देतील. पण ते खाली बसले आणि तो मांडीवर घेऊन उलटासुलटा बघायला लागले.

“गाठ शर्टाला धरून राहिली पाहिजे,” ते म्हणाले. “म्हणजे ओढायला एक हात पुरेल.”

“टिचबटण लावू?”

“टिचबटण दाबायला जोर लागतोय. दुसरं काय?”

“चिकटपट्टी. बुटाला असते तसली. नुसतं टेकवलं की बसते.”

“हां. तसलं कर.”

किती दिवसांनी आम्ही दोघं एका गोष्टीवर बोलत होतो. आजार सोडून दुसऱ्या गोष्टीवर. मला एवढा आनंद झाला की मी लगेच त्यांच्या सगळ्या शर्टांना गळ्याशी चिकटपट्टी शिवली, बनियनसुद्धा काढून ठेवला होता शिवायला. त्यावरून ते हसले. पुढं ते हसू फारसं बघायला मिळालं नाही, म्हणून लक्षात आहे.

चिकटपट्टी जमली तोवर चिमूट गेली. पट्टी बोटांत धरायची तर अंगठा आणि बोट एकमेकांना भेटेनात. मी एक करून न्यावं आणि आजारानं तोवर आणखी एक पायरी उतरावी, असं चाललं होतं. मला त्या आजाराचा माणसासारखा राग यायचा. मशिनवर बसल्या बसल्या मी त्याला शिव्या द्यायचे. पण बोट अजून वाकत होतं, पहिलं बोट. मग मी बारीक पट्टीच्या मागच्या बाजूला पडद्याची एक कडी शिवली. बोट कडीत अडकवायचं आणि हात सोडून द्यायचा. ओढायचं नाही. हाताचं वजन खाली जातं, त्याच्याबरोबर पट्टी खाली येते. चेन अडू नये म्हणून तिला मेणबत्ती चोळली. टाय डोक्यावरून घालायला हात वर जाईना, तर त्यावरही उपाय काढला. खुर्चीवर बसायचं, कोपर टेबलावर टेकवायचं, टायचा गळा हातात उघडा धरायचा आणि डोकं खाली वाकवून त्यात घालायचं.

कारखान्यात मी माझी बोटं चिंधीनं आवळून बांधली, एक तेवढं मोकळं ठेवलं, आणि डावा हात ओच्यात खोचून तो घालून बघितला. मग लाकडी मानेला घालून बघितला. मग पुन्हा स्वतःला. चेन सुर्र करून खाली आली आणि गाठ गळ्याच्या मध्यावर बसली. नागमणी बघतच राहिली.

“बाई गं! नुसता हात सोडला आणि बसला की! अक्का, सरकारात नाव नोंदव तुझं. झोपलेला माणूससुद्धा घालील हे.”

“झोपलेल्याला कशाला टाय?”

“पुरुषाचं काय सांगता येतं?”

आम्ही दोघी खिदळलो. मालकिणीनं आतून हाक मारेपर्यंत खिदळत होतो.

त्याच आठवड्यात रविवारी ह्यांनी घरी तो तीन-चार वेळा घातला आणि काढला. जमला. मालकांनाही फोन केला. “सोमवारी या टाय घालून, पुढं उभे राहा, मी काही नाही म्हणत नाही,” मालक म्हणाले. शेजारच्या दुकानातून फोन करून आले ते पायरी स्वतः चढून. चेहरा उजळला होता. आत येऊन खाटेवर बसले आणि लगेच मान खाली गेली.

तसं बऱ्याच दिवसांपासून ते मान खाली घालून बसायचे. भिंतीला टेकून बसले तर नीट, नाहीतर हनुवटी छातीवर. हॉटेलात जात होते तेव्हाही काउंटरवर हनुवटीखाली मूठ धरून उभे असायचे, असं कुणीतरी मला सांगितलं होतं. समोरच्या घरातल्या म्हातारीनं तर मला विचारलंही होतं, “रेवणनं काय काळं केलंय का गं? डोळ्याला डोळा देत नाही.” मला वाटलं, लाज वाटते. चांगला ताठ चालणारा माणूस, आता हात लोंबतोय, लोक बघतात, म्हणून खाली बघतात. त्या दिवशी मात्र मला राग आला.

“आता तरी वर बघा की जरा! सगळं तर जमलंय. चोरी केल्यासारखं काय बसताय?”

“बघतो,” ते म्हणाले.

मग उजवा हात उचलून त्यांनी मूठ हनुवटीखाली लावली आणि माझ्याकडं बघितलं. बघून हसले. मीही समाधानानं भाकरी थापायला गेले.

सोमवारी सकाळी मी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून दिला. बटणांच्या जागीही मी चिकटपट्टी शिवली होती, ती त्यांनी कशीबशी स्वतःच लावली. फार वेळ लागला, पण मी दारात उभी राहिले नाही, मुद्दाम बाहेर पाणी भरत बसले. रिक्षा सांगून ठेवली होती, कारण सायकल आता सुटली होती. रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला.

“झालं का?” मी बाहेरूनच विचारलं.

“ये आत.”

ते आरशासमोर खुर्चीवर बसले होते. सगळं ठरल्याप्रमाणं केलं होतं. कोपर टेबलावर, डोकं खाली वाकवून टायच्या गळ्यात घातलेलं. गाठ मनगटानं दाबून शर्टाला बसवलेली. बोट कडीत. फक्त हात सोडायचा राहिला होता.

“सोडा की हात,” मी म्हणाले.

“थांब जरा.”

ते खालीच बघत होते. हनुवटी गाठीवर टेकलेली. मला वाटलं कडी अडकलीय. मी खाली वाकून बघितलं तर कडी मोकळी होती. त्यांच्या कानामागची शीर ताणलेली दिसत होती आणि कपाळावर घाम आला होता. काहीतरी उचलायचा प्रयत्न करत असावेत असे त्यांचे खांदे थरथरत होते.

“काय झालं? दुखतंय का?”

“नाही.”

“मग वर बघा. हनुवटी वर केल्याशिवाय चेन कशी जाणार?”

बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला.

“रात्री पण असंच झालं होतं,” ते म्हणाले. “म्हणलं झोपून उठलो की बरं होईल. कस्तुरी, जरा डोकं धर माझं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. बोटांचा मी विचार केला होता. मनगटाचा, कोपराचा, खांद्याचा केला होता. एका बोटावर आणून ठेवलं होतं सगळं. मानेवर माझं पोट चालत होतं आणि मानेचा विचार मी केला नव्हता. डॉक्टर पुढं जाईल म्हणाले होते ते इथं येऊन पोचलं होतं, कधीचं, आणि मी त्याला लाज समजून ओरडत होते.

मी त्यांच्या मागं उभी राहिले. एक तळवा त्यांच्या हनुवटीखाली घातला, दुसरा डोक्याच्या मागं लावला आणि हळूहळू वर केलं. जड होतं. माणसाचं डोकं एवढं जड असतं हे मला माहीत नव्हतं. आरशात त्यांचा चेहरा वर आला. दाढी केलेली, भांग पाडलेला. त्यांनी आरशातल्या माझ्याकडं बघितलं.

“आता नीट धर हं,” ते म्हणाले.

आणि हात सोडला. चेन सुर्र करून खाली आली. गळा आवळला आणि गाठ कॉलरच्या बरोबर मध्यावर बसली. इतकी नीट की त्यांच्या चांगल्या दिवसांतसुद्धा कधी बसली नव्हती.

“बघ,” ते म्हणाले. “माझा मी घातलो.”

“हो.”

“छान केलीस गं तू.”

माझे डोळे पुसायला हात मोकळे नव्हते. पाणी त्यांच्या केसांत पडत होतं. त्यांना ते कळत असणार. ते आरशात बघत राहिले, टायकडं बघत राहिले. बाहेर पुन्हा हॉर्न वाजला.

“झालं. सोड आता.”

मी तशीच उभी राहिले.

“कस्तुरी, सोड. रिक्षा थांबलीय.”

मी सोडलं नाही.